धूर नेमका कुठला: सड्यावरच्या वणवा-मंचाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

वणव्याचा धूर नेमका कुठून येतो ते बघायच्या मंचाची जागा ठरली. गावदेवीच्या देवळामागून सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, चढणारी पायवाट जिथे संपते, तिथल्या उंचवट्यावर. समुद्रसपाटीपासून साधारण १२० मीटर. पश्चिमेला खाडी आणि पलीकडचं गाव, दक्षिणेला कलमांच्या बागा, पूर्वेला सडा आणि त्यात उतरलेले व्हाळ (ओढे). हवा निवळ असली तर पार मागे सह्याद्रीची रांग. उत्तरेकडचा थोडा भाग टेकाडाआड जातो, तो दुसऱ्या जागेवरून बघावा लागेल.

राजापूर तालुक्यात, किंबहुना सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यातच, रान बहुतेक खाजगी मालकीचं आहे. वनखात्याची जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी), वनमजूर, फायर वॉचर हे सगळं सरकारी जंगलापुरतं. आमच्या सड्यावर गवत वाळलं की माघापासून वैशाखापर्यंत केव्हाही वणवा उठतो आणि तो विझवणं हे कुणा एकाचं काम नसतं. गवताबरोबर काजू जातो, आंब्याची कलमं होरपळतात, गडग्यालगतची (दगडी कुंपणालगतची) उडवी, म्हणजे गंजी, जाते, जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या-चंडोलांची अंडी जातात. हळहळ सगळ्यांना वाटते. पण धूर दिसल्यापासून माणसं पोचेपर्यंतचा वेळ कमी कसा करायचा, याचा विचार आजवर झाला नव्हता.

वाचनालयाच्या वतीने दोन कामं घेतली आहेत. दिशा मोजायची तबकडी आणि ती ठेवायचा मंच हे एक. जगात वणव्याचे टेहळणी मनोरे कसे आले, कसे चालले, याचे फलक हे दुसरं. दोन्ही बरोबरीने करायचा आग्रह माझा. मनोरा म्हणजे उंचावर चढून बघणं, एवढंच डोक्यात धरलं तर आपण लोखंडी सांगाडा उभा करून मोकळे होऊ. ज्यांनी हे काम शंभर-सव्वाशे वर्षं केलं, त्यांनी उंचीपेक्षा जास्त कष्ट ठिकाण अचूक सांगता येण्यावर घेतले. ते आधी नीट समजून घ्यायचं, मग चिरा लावायचा.

१२ जानेवारी, रविवार

या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर लॉस एंजेलिस. ७ जानेवारीला पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी लागल्या आणि वस्त्याच्या वस्त्या गेल्या. वाचनालयात प्रश्न आला, की अमेरिकेसारख्या देशात आग दिसली नाही का? दिसली. कॅलिफोर्नियात डोंगरमाथ्यांवर हजाराहून अधिक कॅमेरे आहेत, सॅन डिएगोच्या विद्यापीठाने उभारलेले. पण त्या रात्री वारा असा होता की विमानंसुद्धा जमिनीवर ठेवावी लागली. दिसल्यानंतर पोचता येणं हा वेगळाच प्रश्न आहे, आणि मनोऱ्यांचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांच्या मध्ये घडला आहे.

पहिला फलक त्यावरच लिहायला घेतला. अमेरिकेचं वनखातं १९०५ साली स्थापन झालं. त्याच वर्षी मेन राज्यात डोंगरावर कायमचा टेहळणी मनोरा चालू झाल्याची नोंद आहे. त्याआधी लाकूड कंपन्या आपापल्या रानात एखाद्या उंच झाडाला शिडी बांधून माणूस चढवत. मग आला १९१० चा ऑगस्ट. २० आणि २१ तारखेला दोन दिवसांत आयडाहो, मोंटाना आणि आसपासचं मिळून सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. ८५ च्या आसपास माणसं मेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. त्या उन्हाळ्यात सुट्या सुट्या शेकडो आगी आधीपासून धुमसत होत्या. वादळी वारा सुटला आणि त्या एकमेकींत मिसळल्या. लहान असताना प्रत्येक आग आटोक्यात येण्यासारखी होती, हे त्या खात्याच्या मनावर कायमचं कोरलं गेलं. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, राज्यांना वणवा-संरक्षणासाठी केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला, आणि डोंगरमाथ्यांवर मनोरे, पायवाटा, टेलिफोनच्या तारा वाढत गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस ऑसबोर्नच्या तबकडीसाठी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच, त्यामुळे फलकावरही तिला जास्त जागा देणार आहे.

विल्यम ऑसबोर्न हा वनखात्यातला ओरेगॉनकडचा माणूस. १९११ च्या सुमारास त्याने हे साधन तयार केलं. एक गोल धातूची तबकडी, तिच्यावर आजूबाजूच्या मुलखाचा नकाशा. नकाशा असा बसवायचा की मनोऱ्याची जागा बरोब्बर तबकडीच्या मध्यावर येईल आणि नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला. तबकडीभोवती अंशांच्या खुणा असलेलं फिरतं कडं. कड्यावर समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या, एकीत बारीक फट आणि दुसरीत उभा ताणलेला घोड्याचा केस. फटीतून बघत कडं फिरवायचं, धुराचं बूड केसावर आलं की थांबायचं आणि अंश वाचायचे.

एका मनोऱ्यावरून मिळते फक्त एक रेघ. आग त्या रेघेवर कुठेतरी आहे, एवढंच कळतं. दुसऱ्या मनोऱ्यावरच्या माणसाने त्याच धुराचा अंश सांगितला की दोन रेघा जिथे कापतात तिथे आग. म्हणून एकटा मनोरा कितीही उंच असला तरी अर्धाच कामाचा. रेघा काटकोनाच्या जवळपास कापल्या तर ठिकाण नेमकं मिळतं. त्या जवळजवळ समांतर असतील तर अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा कापण्याची जागा फार लांब सरकवतो.

तंत्र एवढंच. तबकडीला ना वीज लागते ना दुरुस्तीचं दुकान. आजही जिथे माणसांचे मनोरे चालू आहेत तिथे ती वापरात आहे.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभेत विषय मांडला. मंच ज्या जमिनीवर येणार तिच्या सातबाऱ्यावर बरीच नावं, निम्मे लोक मुंबई-ठाण्यात. गावातल्या हिस्सेदारांनी संमती दिली, बाकीच्यांची फोनवर घेऊन सह्या शिमग्याला आल्यावर. एकाने विचारलं, की साधा लोखंडी मनोरा का नको, लांबून दिसेल तरी. मी सांगितलं की अमेरिकेतसुद्धा डोंगरमाथ्यावरच्या कित्येक टेहळणी खोल्या जमिनीलगतच होत्या. उंच सांगाडे लागले ते सपाट जंगलात, जिथे झाडांच्या शेंड्यांवर डोकं काढल्याशिवाय काही दिसत नाही. आपला सडा उघडा आहे. १२० मीटर उंचीवरून क्षितिज एकोणचाळीस-चाळीस किलोमीटरवर जातं. अडथळा येतो तो खाऱ्या हवेच्या धुरकटपणाचा, आणि आणखी वीस फूट चढून तो कमी होत नाही.

देवगडहून लग्न होऊन आलेल्या काकी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आग दिसता ओ सगळ्यांका. पण खय लागली ता सांगाक व्हया. गेल्या वर्षी आमी एका बाजूक धावलो आनि आग दुसऱ्या व्हाळात." त्यानंतर कुणी मनोऱ्याचा आग्रह धरला नाही.

ठरलं ते असं: जांभ्या चिऱ्याचा कंबरभर चौथरा, वर पत्र्याची सावली, कातळात कुठेही खोदकाम नाही. आसपासच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. आमच्या उंचवट्यावर काही दिसलेलं नाही, तरीही माती झाडून, पाणी मारून, तिरक्या उन्हात बघूनच पहिला चिरा ठेवायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

तबकडी सुतारकाकांकडे चालू. जाड मरीन प्लाय, ६० सेंटिमीटर व्यासाची. परीघ १८८ सेंटिमीटरांच्या थोडा वर, म्हणजे एक अंश साधारण सव्वापाच मिलिमीटर. अर्धा अंश उघड्या डोळ्यांनी सहज वाचता येतो. तीन किलोमीटरवरच्या आगीसाठी अर्धा अंश म्हणजे २६ मीटर इकडेतिकडे. एवढ्या अंतरात माणूस पोचला की आग त्याला दिसतेच. यापेक्षा बारीक खुणा करण्यात अर्थ नाही.

पट्ट्या पितळेच्या. घोड्याच्या केसाऐवजी मासे गरवायचा तंगूस, खाली शिशाचं वजन लावून ताणलेला. नकाशा २५ हजारात एक या प्रमाणात मोठा करून छापला, म्हणजे तबकडीच्या मध्यापासून कडेपर्यंत साडेसात किलोमीटर. त्यापलीकडचा धूर कळवायचा, धावायचं मात्र त्या गावाने.

९ फेब्रुवारी, रविवार

उत्तर ठरवणं. याला वेळ लागणार हे आधीपासून माहीत होतं.

होकायंत्रावर इथे भिस्त ठेवता येत नाही. जांभ्यात लोह भरपूर, आणि आमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राचा काटा भरकटतो हे बघायला लांबून लोक येतात. तशी प्रत्येक सड्यावर परिस्थिती नसेलही, पण तबकडी एकदा चुकीच्या उत्तरेला बसली की पुढचा प्रत्येक अंश चुकीचा. अमेरिकेतल्या मनोऱ्यांवरही चुंबकीय उत्तर न धरता खरी उत्तर धरत आणि ओळखीच्या शिखरांवर नेम धरून ती तपासत.

आम्ही दोन्ही केलं. रात्री ध्रुव. आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंश वर असतो, त्यामुळे उत्तरेचं टेकाड आड येईल की काय अशी धास्ती होती. आलं नाही. ध्रुव खऱ्या उत्तरेपासून पाऊण अंशाच्या आतच फिरतो, म्हणून पहिली मांडणी त्याच्यावर. मग दिवसा नकाशावरून ज्यांचे अंश आधीच काढून ठेवले होते अशा तीन ठिकाणांवर नेम: जैतापूरचं दीपगृह, शेजारच्या गावातल्या देवळाचा कळस आणि मोबाईलचा टॉवर. तिन्ही जुळेपर्यंत तबकडी सरकवली आणि पितळी स्क्रूने पक्की केली. चौथऱ्याच्या कडेवर त्या तीन दिशांच्या रंगीत खुणा केल्या आहेत. रोज पाळीवर येणाऱ्याने आधी त्या तपासायच्या, मगच बसायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिसतं-दिसत नाही याचा नकाशा केला. ही कल्पनाही ऑसबोर्नचीच. १९३० च्या दशकात त्याने बनवलेल्या खास कॅमेऱ्याने ओरेगॉन-वॉशिंग्टनमधल्या शेकडो मनोऱ्यांवरून चहूबाजूंचे फोटो घेतले गेले, एकेक फोटो १२० अंशांचा, तीन मिळून पूर्ण वर्तुळ. त्यांवर अंशांच्या रेघा छापलेल्या. नियंत्रण कक्षातल्या माणसाला मनोऱ्यावरून नेमकं काय दिसतं ते टेबलावर बसून बघता येई. आणि कोणत्या दऱ्या एकाही मनोऱ्यावरून दिसत नाहीत, तेही.

कॉलेजच्या मुलांनी मोबाईलवरून तसेच फोटो काढून जोडले. आमच्या मंचावरून तीन व्हाळांचे तळ दिसत नाहीत. त्यांतला मधला व्हाळ सर्वांत धोक्याचा, दोन्ही अंगांना काजूच्या बागा आणि मधे कुणी कापत नाही असं गवत. दुसरा टेहळणीचा ठिकाणा म्हणून दक्षिणेला सरळ रेषेत चार किलोमीटरवर असलेली शेजारच्या गावाची पाण्याची टाकी निवडली, कारण तिच्या गच्चीवरून तो व्हाळ उघडा दिसतो. तिथल्या सरपंचताईंनी लगेच होकार दिला आणि किल्लीची व्यवस्था केली.

२३ फेब्रुवारी, रविवार

भारतातल्या फलकाचं लेखन. हा मला सर्वांत अवघड गेला आणि सर्वांत आवडला.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं गेलं. मूळचे शल्यचिकित्सक, पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. पुढे १८६४ मध्ये डीट्रिश ब्रँडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच दशकात मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, पियर्सन या अधिकाऱ्याने जाळरेषा काढून आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन आग बाहेर ठेवून दाखवली. तेव्हापर्यंत एवढं मोठं रान वणव्यापासून राखता येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. मग १८७८ चा कायदा, त्यात राखीव जंगल आणि संरक्षित जंगल. आज चालतो तो १९२७ चा. त्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

पण कोकणातली गोष्ट इथे संपत नाही. इथे आग ही शेतीचाच भाग होती. कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडायची, पाला-शेण-गवत दाढीवर, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्यावर, पसरायचं, ते जाळून भाजावळ करायची आणि पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं. राब (ही भाजणी) नाही तर तरवा (भाताची रोपं) नाही. जंगल राखीव झालं तसे कवळ तोडायचे हक्क आक्रसले आणि ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. म्हणजे धुराकडे बघून शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवायची चूक आपल्याच किनारपट्टीवर एकदा होऊन गेली आहे.

आमच्या मंचाला ती करायची नाही. त्यामुळे आज वाड्यावाड्यांतून फिरून भाजावळीची यादी करायला घेतली: कुणाची दाढ कुठे, साधारण कोणत्या आठवड्यात भाजणार, किती वाजता. सकाळी लवकर भाजा, खारा वारा सुटायच्या आत संपवा, आणि आदल्या दिवशी मंचावर कळवा, एवढीच विनंती. तात्यांनी स्वतःहून सांगितलं की त्यांचे वडील दाढीभोवती हातभर जागा खरवडून मगच काडी लावत. यादीच्या वर ते वाक्य तसंच लिहिलं.

२ मार्च, रविवार

धूर ओळखायचा सराव. राबाचा धूर एका जागी, पांढुरका, हळूहळू विरळ होणारा. गवताच्या वणव्याचा धूर पातळ निळसर आणि त्याचं बूड रुंदावत जातं. हिरवा पाला पेटला की दाट पांढरा. चिरेखाणीतून उठते ती लालसर धूळ, धूर नव्हे. सकाळी व्हाळातून वर येतं ते धुकं, ऊन चढलं की जातं. दुपारनंतर पश्चिमेला खाडीवर झळाळी असते, तिकडे हाताची सावली करून बघावं लागतं.

सर्वांत महत्त्वाचं: नेम धुराच्या बुडावर. दुपारी खारा वारा धूर पूर्वेला वाकवतो, शेंड्यावर नेम धरला तर रेघ भलतीकडे जाते.

४ मार्च, मंगळवार

पहिला खरा धूर. दुपारी सव्वातीन.

मंचावरून ११८ अंश. टाकीवरून ५२. ग्रंथपाल मॅडमनी वाचनालयातल्या भिंतीवरच्या नकाशावर दोन दोरे ताणले, ते मंचापासून साधारण साडेतीन किलोमीटरवर कापले, मधल्या व्हाळाच्या पूर्व अंगाला. भाजावळीच्या यादीत त्या जागी काही नव्हतं. ग्रुपवर जागेचं नाव टाकलं आणि तिथल्या वाडीतली चार-पाच माणसं मोटारसायकलवर आम्ही निघायच्या आधीच पोचली. त्यांनी ऐन-किंजळीचे हिरवे डहाळे तोडून कडेकडेने झोडपायला सुरुवात केली होती. मग पाठीवरचे दोन ब्लोअर आले. आगीच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही हे आधी ठरलेलं होतं, ते सगळ्यांनी पाळलं. मागून आणि दोन्ही बाजूंनी आग आवळत नेली, वर गडगा होता, तिथे ती अडली. अंधार पडायच्या आत विझली. अंदाजे दोन-अडीच एकर गवत गेलं, काजूची काही झाडं होरपळली. बाग वाचली.

कारण: कलमांखालचा पाचोळा गोळा करून पेटवला होता आणि वाऱ्याने ठिणगी गवतात नेली. ज्यांच्या हातून झालं तेही झोडपायला होते. त्यांना कुणी बोललं नाही, हे मला फार बरं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. गावोगावचे होम कुठे पेटणार याची यादी मंचावर लावली. चाकरमानी आले आहेत, राहिलेल्या सह्या झाल्या. पालखीबरोबर फिरणाऱ्या पोरांनी रात्रीच्या पाळ्या स्वतः वाटून घेतल्या.

२३ मार्च, रविवार

उपग्रहाचा फलक. गावात दोघांचं मत होतं की मोबाईलवर आगीचे ठिपके दिसत असताना मंच कशाला. मत रास्त आहे, म्हणून नीट शोधलं.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना देते. आधी मोडिस नावाच्या संवेदकावरून, त्याचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटरचा चौकोन. पुढे २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस संवेदकावरून, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकर. दुर्गम जंगलात, जिथे बघायला माणूसच नाही, तिथे याला तोड नाही. ज्यांना वाटेल त्यांनी मोबाईलवर सूचनेसाठी नाव जरूर नोंदवावं.

पण हे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातात ते ठरावीक वेळी, व्हीआयआयआरएसचे दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. सड्यावरचं गवत दुपारी तीनला पेटतं आणि सहापर्यंत राख होतं. ४ मार्चची आमची आग मी मागाहून नकाशावर शोधली. एकही ठिपका नाही. तिचं सगळं आयुष्य दोन फेऱ्यांच्या मधे होऊन गेलं. म्हणून आमच्यासाठी तरी बघणारं माणूस हवं. हे मी फलकावर जसंच्या तसं लिहिलं आहे.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. संध्याकाळी कीर्तनाआधी फलकांचं शेवटचं वाचन. बसणाऱ्या माणसांविषयीच्या फलकावर चर्चा रंगली.

१९१३ साली हॅली डॅगेट ही कॅलिफोर्नियातल्या क्लामथच्या जंगलात एडी गल्चच्या माथ्यावर टेहळणीला बसली, अमेरिकी वनखात्याने नेमलेली पहिली स्त्री. पहिल्या हंगामात तिने चाळीसेक आगी कळवल्या आणि जळालेलं क्षेत्र सगळं मिळून पाच एकरांच्या आत राहिलं. १९३० च्या मंदीत रूझवेल्ट सरकारच्या योजनेतून बेकार तरुणांनी मनोरे, पायवाटा आणि तारा उभारल्या. १४ फूट बाय १४ फुटांची लाकडी खोली सुट्या भागांत खेचरांवर लादून माथ्यावर नेत. विजांच्या वादळात माणसाने उभं राहायला काचेचे पाय लावलेलं स्टूल. दुसऱ्या महायुद्धात याच मनोऱ्यांवरून शत्रूची विमानं येतात का ते बघितलं. तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात, कॅरीच्या जंगलात उंच डोंगरच नाहीत, म्हणून १९४७ मध्ये पन्नास मीटरहून उंच जिवंत झाडाच्या खोडाला गोलगोल खुंट्या ठोकून वर खोली बांधली. माडावर चढणाऱ्या आमच्या काकांनी त्या झाडाचा फोटो बराच वेळ बघितला आणि खुंट्यांमधलं अंतर विचारलं.

एक गोष्ट फलकात घालू नये असं काहींचं म्हणणं होतं, मी घातली. १९३५ मध्ये अमेरिकेने नियम केला की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचीच. मनोरे इतके चोख काम करू लागले होते की ते जमलंही. पण ज्या रानांना अधूनमधून हलकी आग सोसायची सवय होती तिथे वाळलेला पाला आणि झुडपं साठत गेली, आणि पुढे लागलेल्या आगी जास्त भयंकर झाल्या. १९७० च्या दशकात तो नियम सोडावा लागला. आपल्याकडे साठतं ते न कापलेलं गवत. मंच कितीही चांगला चालला तरी गवत कापून नेणारी गुरं आणि माणसं सड्यावर राहिली नाहीत, तर वणवा दर वर्षी जास्त जोमाने येईल. पूर्वी सड्याचं गवत पेंढ्या बांधून घरी यायचं. आता गोठे रिकामे आहेत. मंचाइतकंच हे काम आहे आणि ते जास्त अवघड आहे.

२० एप्रिल, रविवार

रात्रीच्या टेहळणीचा प्रश्न सुटला. आंब्याच्या बागांत राखणीला राहणारे नेपाळी भाऊ रात्रभर जागेच असतात. त्यांतल्या काहींचे मांगर (बागेतल्या झोपड्या) उतारावर अशा जागी आहेत की व्हाळ थेट दिसतो. त्यांना सड्यावरच्या जागांची नावं शिकवली आणि त्यांच्याकडून त्यांच्या डोंगरातल्या वणव्यांच्या गोष्टी ऐकल्या. त्यांचे नंबर ग्रुपमध्ये घेतले. इतकी वर्षं ते इथे आहेत आणि वणव्याच्या बाबतीत आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

११ मे, रविवार

भाजावळी बहुतेक आटोपल्या. यादीबाहेरची एकच, तीही फोन लागत नव्हता म्हणून. धूर दिसताच टाकीवरून अंश आला, खात्री झाली, कुणाला धावावं लागलं नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून काल देवगडपर्यंत पोचला, नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर. आठवडाभर आधीपासून पाऊस होताच. मंचावरचा पत्रा उतरवला, तबकडी वाचनालयात आणून पुसली, पितळेला तेल लावलं, तंगूस काढून ठेवला. चौथरा तसाच राहील, त्याच्यावरच्या तीन खुणा मात्र पावसानंतर पुन्हा रंगवाव्या लागतील.

पुढच्या हंगामाची कामं: टाकीसाठी दुसरी तबकडी, कारण यंदा तिथे मुलांनी पुठ्ठ्याच्या वर्तुळावर काम भागवलं. उत्तरेच्या टेकाडावर तिसरी जागा, तिच्या मालकांशी गणपतीत बोलायचं. मधल्या व्हाळाच्या दोन्ही अंगांना गवत कापून जाळरेषा, डिसेंबर संपायच्या आत, गवत अर्धवट ओलं असतानाच. कापलेलं गवत कोण नेणार ते आधी ठरवायचं. तालुक्यातल्या दोन गोठेवाल्यांनी तयारी दाखवली आहे, टेम्पोचा खर्च वर्गणीतून निघेल का ते बघायचं. पाळीत नाव द्यायचं असेल त्यांनी वाचनालयाच्या वहीत लिहावं, शेजारच्या गावांतल्यांनीसुद्धा.